अशुभ तेरा

शुक्रवार, तेरा तारीख. फिनलंडच्या गोठलेल्या संध्याकाळी हेलमी पुठ्ठ्याचा मुखवटा चढवून एकटीच भयपट लावून बसली. वर्षभर तिच्याकडे राहून शिकलेली नुरिया स्पेनला परतताना म्हणाली होती, “पुढच्या अशुभ तेरा तारखेला फोनवर एकत्र बघू, मुखवटे घालून. खुन्याच्याच बाजूने ओरडायचं.” पण महिनाभर तिने अबोला धरला होता. शेवटी हेलमीनेच फोन लावला. “विसरलीस ना, भवाने?” “मी? गेल्या महिन्यात, मंगळवारी तेरा तारीख होती. तीनदा फोन केला. मुखवटा घालून एकटीच बसले, बावळटासारखी.” “मंगळवारी? अगं, अशुभ तर शुक्रवार.” “तुमच्याकडे. आमच्याकडे मंगळवार.” हेलमी तेव्हा सौनात, वाफेच्या खोलीत, घाम काढत बसली होती, उलट फोन करायचा राहूनच गेला. “मुखवटा आहे अजून?” “फाडला.” पडद्यावर खुनी दारामागे उभा. मग फोनमधून कात्रीचा आवाज आला, पुठ्ठा कापल्याचा.