खारट पाण्याची तक्रार

मॅडमची लाँच जहाजाला लागेपर्यंत इस्माईल परकारने चहाचे दोन कप तीनदा पुसून ठेवले होते.

जहाज आपलं आपण चालायचं, माल आपला आपण उतरवायचं. कायद्याने एक तरी माणूस हवा, म्हणून परकार त्यावर होता. झोप दहा तास, जेवण गरम, पगार वेळेवर. आठ महिन्यांत जित्या माणसाचं तोंड तेवढं दिसलं नव्हतं, आणि त्या तक्रारीला अर्जात रकानाच नव्हता.

पण खलाशाची तक्रार माणसानेच जहाजावर येऊन ऐकायची, हे कलम अजून कुणी खोडलं नव्हतं.

"पिण्याचं पाणी खारट लागतं म्हणालात ना, चाचा?" निरीक्षक नाटेकर मॅडमनी नळाखाली पेला धरला आणि घोट घेतला. पाणी चांगलं गोडं होतं.

परकारने मान खाली घातली. "काल लागत होतं, मॅडम."

मॅडमनी अर्जावर लिहिलं, 'पाणी खारट. पुढच्या खेपेला पुन्हा तपासणी.' मग खुर्ची ओढून बसल्या.

"द्या चहा. पंधराच मिनिटं आहेत. सकाळपासून हे सातवं जहाज, आणि सातही जहाजांवर पाणी खारट!"

लाँच निघाली तेव्हा परकार कठड्याशी उभा राहिला. पलीकडच्या जहाजाच्या कठड्याशीही एक माणूस उभा होता. लाँच आपल्याकडेच वळतेय हे दिसताच तो लगबगीने आत पळाला. बहुधा कप पुसायला.