गडद निळा

सासऱ्यांच्या खोलीत रंगाऱ्याने दोन रंग लावून दाखवले होते, दाराजवळच्या बटणाभोवती गडद निळा आणि पलंगाजवळच्या बटणाभोवती पांढरा. सुनेला पांढरा हवा होता. "बाबा, खोली आधीच लहान, निळ्याने पार गुहा होईल तिची." सासरे मात्र हट्टाला पेटले होते. "निळाच हवा. कारण विचारू नकोस." शेवटी रंगारीच वैतागून म्हणाला, "दिवे लावून बघा आणि एकदाचं ठरवा." सासरे उठले. निळ्यातलं पांढरं बटण त्यांनी चटकन दाबलं. पलंगाजवळ मात्र त्यांचा हात पांढऱ्या भिंतीवर चाचपडत राहिला, बटण नाकासमोर असूनही. सुनेने ते पाहिलं. रोज सकाळी हेच तिच्या लेकीला स्कूटरवरून शाळेत सोडत होते. तिने रंगाऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. "बाबा, कधीपासून दिसत नाहीये?" "दिसतं गं. पांढऱ्यावर पांढरं तेवढं कळत नाही." मग त्यांचा आवाज खाली आला. "सहा महिने झाले. स्कूटर बंद कराल म्हणून बोललो नाही. तेवढंच एक काम उरलंय मला." तिने हात पुढे केला. त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून तिच्या तळहातावर ठेवली. "आज संध्याकाळी डोळे दाखवून येऊ," ती म्हणाली. "आणि उद्यापासून छोटीला चालत न्या. रस्ता ओलांडेपर्यंत मी येईन सोबत." मग दारातून तिने रंगाऱ्याला हाक मारली, "चारही भिंती निळ्या करा."