वायरमनला शॉक

"ते शॉकमध्ये आहेत," डॉक्टर शुभदा म्हणाल्या.

हिरा ताडकन उठली. "न्हाई वो डॉक्टरीणबाई! त्यास्नी शॉक कसा बसंल? जन्मभर वायरमन व्हते. पोलावर म्हातारे झाले, पण एक झटका खाल्ला न्हाई."

डॉक्टर हसल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. "हा शॉक विजेचा नाही, मावशी."

सकाळी दुधाची किटली घेऊन निघालेल्या तिच्या नवऱ्याला, हनुमंतला, पवनानगरच्या वळणावर मोटारीनं उडवलं होतं. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, तरी रक्तदाब वर येईना. मेंदूला मार होता, आणि तिथवर रक्त पोचत नव्हतं.

"शरीर आपलं आपणच एक वायू बनवतं. नायट्रिक ऑक्साइड. त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. आत्ता तो नको इतका बनतोय, म्हणून दाबच राहिला नाही. तो अडवणारं एक औषध आहे. अजून चाचणीत आहे. तुम्ही नको म्हणालात, तरी बाकीचे उपचार चालूच राहतील."

"म्हंजे मागनं लाईन बंद करायची."

"तसंच. पण सगळीच बंद झाली, तरी घात. थोडा वायू लागतोच."

काचेपलीकडे हनुमंत. तोंडात नळी. अंगाभोवती इतक्या वायरी, आणि त्यातली एकही त्यानं जोडलेली नाही.

पेठेत, तेव्हा.

तिकोणा गडाच्या पायथ्याच्या ह्या गावातली विजेची डीपी. हिरा नवी नवरी, भाकरी घेऊन आलेली. हनुमंतनं डीपीतून फ्यूज उपसला. पांढरा, चिनी मातीचा, अजून ऊन. तिच्या ओटीत टाकला.

"मी उतरस्तवर कुणाला द्यायचा न्हाई. माझा बाप आला तरी."

बाप नाही, गिरणीवाला सखाराम आला. "ए पोरी, दळण खोळंबलंय. आण तो हिकडं, बसवतो."

तिनं ओटी आवळली.

पोलावरून हाक. "हाये का?"

"हाये!"

"हलू नको गं. ज्याच्याकडं फ्यूज, त्यानं हलायचं न्हाई."

सखाराम बांधावर टेकला, तंबाखू मळायला लागला. "बायको न्हाई, कुलूप आणलंय ह्यानं."

पोलावरचा असा हसला, की तारा हलल्या.

पुढं त्याला हेल्पर मिळाला. तरी पेठेची लाईन बिघडली, की तो आधी घरावरून जायचा. दारातूनच ओरडायचा, "कुलूप, चला!" आणि ती हातातलं पीठ झाडत निघायची.

दवाखान्यात, आत.

"आन उलटं झालं तर?" हिरानं विचारलं.

"लगेच थांबवू. मी इथून हलणार नाही."

हिरानं मान वर केली. डॉक्टरांकडे तिनं पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"हलू नगा," ती म्हणाली, आणि सही केली.

बाहेर.

बाकावर हिरा. पदराची ओटी, ओटीत मूठ. सिस्टरनं चहा आणला, कप पुढं धरून उभी राहिली.

"घ्या मावशी. मूठ तरी सोडा जरा."

"मंग घेते," हिरा म्हणाली. "ते वर हाईत अजून."