राखेत न सापडलेले दात

मनोज राखेत बोटं घालून स्क्रू शोधत होता.

सावडायला आलेली भावकी खोळंबून उभी होती. दूध-पाणी शिंपडून राख निववली होती, अण्णांच्या अस्थी मडक्यात भरून झाल्या होत्या, रामकुंडावर जायला जीप तयार होती. एकटा मनोज उठत नव्हता. अण्णांच्या, त्याच्या वडिलांच्या, खालच्या जबड्यात चार स्क्रू असायला हवे होते, टायटॅनियमचे. ते जळत नाहीत, असं बसवण्याआधीच डॉक्टरांनी त्याला फोनवर सांगितलं होतं. मग गेले कुठे?

"दत्तू, दात कुठायत?"

धाकटा भाऊ दत्तू पलीकडे होता. कावळ्यासाठी मांडलेल्या पानावर तो दुधात भाकरी कुस्करत बसला होता.

ते पाहून मनोजचं डोकं आणखीच फिरलं. "आणि हे काय चाललंय? अण्णांना कडक भाकरी लागायची, कांदा फोडून! त्यासाठीच तर केलं होतं सगळं!"

केलं होतं, हे खरं. अण्णांचे खालचे दात संपले तेव्हा नाशिकच्या दवाखान्यात तीन वाटा सांगितल्या होत्या. शेजारी धड दात असतील तर त्यांच्या आधाराने जोडलेले दात, म्हणजे ब्रिज; पण तसे धड दात उरलेच नव्हते. नाहीतर काढ-घाल करायची कवळी. नाहीतर हाडात स्क्रू बसवून वर पक्के दात. मनोजने पुण्याहून फर्मान सोडलं, पक्केच बसवा, पैसे पाठवतो. पाठवलेही, नाही म्हणायला जागा नाही. मग ऑफिसात सांगून झालं, सासरी सांगून झालं. व्हिडिओ कॉलवर अण्णा हसले की तो बायकोला हाक मारून दाखवायचा. बापाचे दात, पण मिरवले याने.

आता त्याचा संताप उसळला होता. लांब राहणाऱ्यांचा राग तसाही नेहमी ताजा असतो.

"कवळी बसवलीस ना? स्वस्तातली? बापाच्या तोंडचा घास काढलास, दत्तू! लाज नाही वाटली?"

दत्तू उठला. जन्मात मोठ्या भावापुढे त्याने आवाज चढवला नव्हता. आज दुधाने माखलेले हात तसेच घेऊन तो ओरडला.

"हां, बसवली कवळी! खुर्चीत बसून अण्णांनी डॉक्टरला इचारलं, मेल्यावर या स्क्रूचं काय व्हतं? डॉक्टर हसला. म्हणला, आजोबा, हा आगीतपण टिकतो. अण्णा तिथूनच उठले. म्हणले, रामकुंडात हाडं इरघळत्यात, हे नाय इरघळायचं. एवढ्याशा खिळ्यापायी मी मागं अडकून ऱ्हाऊ? अन् दादा, तुझे पैसे तुझ्या पोरीच्या नावानं पोस्टात हायेत. त्यांनीच टाकायला लावले."

"थापा मारू नकोस! मग मला का नाही सांगितलं कुणी?"

"कुणी सांगायला कशाला पायजे व्हतं, दादा? कवळी लय हालायची. जेवताना अण्णा ती काढून वाटीत ठिवायचे अन् दुधात भाकरी कुस्करून खायचे. रोज. समद्या गावानं बघितलंय. तू दिवाळीला आला, गाडी चालूच ठिवून उभ्या उभ्या चहा पिऊन गेला."

मनोजची बोटं राखेतच थांबली.

"मी तवाच सांगणार व्हतो," दत्तू म्हणाला. "अण्णांनी माझा हात धरला. म्हणले, गप ऱ्हा. एकदा माझ्या शेजारी जेवायला बसंल, तवा त्याचं त्यालाच दिसंल."