डावा हात खिशात

"डावा हात कोटाच्या खिशात राहील," चर्चचे कारभारी डीकन टॉलिव्हर म्हणाले. "कबूल असेल तर पियानोवर बैस. नाहीतर तुझ्या आईला पियानोविनाच पुरू."

लेमुएल थ्रेडगिलनं शवपेटीकडे पाहिलं. मुलानं एकदा तरी या चर्चमध्ये वाजवावं, असं ती माउली बावीस वर्षं देवाकडे मागत होती. तेवढ्या काळात मिसिसिपीतल्या एकूण एक लाकूडगिरणीच्या गुत्त्यात त्याचा ब्लूज, चर्चच्या लेखी सैतानाचं संगीत, वाजला, शिकागोत दोन तबकड्या निघाल्या. या दारातून मात्र त्याला कुणी आत घेतलं नाही.

त्यानं डावा हात खिशात घातला.

भानगड त्या हाताचीच होती. उजवा हात बिचारा स्तोत्रही वाजवी. पण खाली डावा मालगाडीसारखा धडधडू लागला, की भल्याभल्यांच्या कमरा हलतात, असं डीकननी ऐकलं होतं. स्वतः नव्हे, ऐकणाऱ्यांकडून.

लेमुएलनं आईचं आवडतं स्तोत्र धरलं. एका हाताचा सूर, उंच आणि पोरका. दुसऱ्या कडव्याला खालून ठोका आला.

डीकननी दचकून खिशाकडे पाहिलं. हात खिशातच होता.

पहिल्या बाकावर, पांढऱ्या पोशाखात, चर्चमधली सगळ्यात वडीलधारी, चौऱ्याऐंशी वर्षांची मदर एस्टेला टाच आपटत होती. मग तिची शेजारीण. मग गाणाऱ्यांची अख्खी रांग. चर्चची लाकडी जमीन विटांच्या खांबांवर उभी, खाली सगळी पोकळी; ती पियानोच्या पोटासारखी घुमायला लागली. दीडशे पाय, आणि चुकला तर एखादाच. डाव्या हाताची ती चाल रविवारी इथं कधीच वाजली नव्हती. या सोवळ्या मंडळींना ती पाठ कशी, हे विचारायची ती वेळ नव्हती. काचा थरथरल्या. शवपेटीवरची फुलं ठेक्यात हलू लागली.

स्तोत्र संपलं.

लेमुएल शवपेटी उचलायला पुढे आला, डावा हात अजून खिशातच. हळूच म्हणाला, "डीकन, तिसऱ्या कडव्यात तुमचा पाय घाई करतो. शनिवारी गुत्त्यातही तिथंच करतो."

डीकननी स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. घसा खाकरला. मग मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"दोन्ही हातांनी उचल, बाळा. आई आहे तुझी."