पायडलचं यंत्र

दुसऱ्या महायुद्धाच्या त्या दिवसांत, वीज नसलेल्या खर्डा गावात बॅटरीवरचा रेडिओ होता एकट्या यज्ञेश्वरपंतांकडे, आणि बातम्यांच्या वेळेला अख्खी आळी त्यांच्या बैठकीत. "पंत, बंद नका करू, म्होरं गानं हाय!" म्हणत लोक बॅटरी पार पिळून काढायचे. मग ती चार्ज करायला मोटारीनं नगरला धाडायची आणि परत येईतो मुक्या खोक्याकडे बघत बसायचं, हे मात्र पंतांच्या नशिबी.

शेवटी वैतागून त्यांनी चार्जिंग घरीच करायचं ठरवलं आणि थेट पुण्यातलं रेडिओचं दुकान गाठलं. पवनचक्की घ्यावी, तर इकडचा वारा येतो तो पत्रे उडवायलाच. इंजिन घ्यावं, तर रॉकेल रेशनवर. तेवढ्यात सायकलसारखं पायडल मारून बॅटरी भरायचं यंत्र दिसलं आणि पंत पहिल्यांदाच हसले.

यंत्र बैठकीत मांडून त्यांनी आळीला बजावलं, "आजपासून जो पायडल मारेल, तोच इथं बसेल!"

दुसऱ्या दिवशी बैठकीत चिटपाखरू फिरकलं नाही. बातम्यांची वेळ झाली, आणि बॅटरी तर उतरलेली. रेडिओ लावून पंत धोतर खोचून स्वतःच यंत्रावर चढले. घामाच्या धारा लागल्या, छातीचा भाता झाला, आणि त्या धापेत बातम्यांचं एक अक्षर कानात शिरेना.

खिडकीखालून भानुदास शिंप्याचा आवाज आला, "पंत, जरा जोरानं मारा की! रशिया कुठवर आला, त्ये आमा समद्यांना ऐकू येईना!"