इनामदारांचे कुटुंब

"मजकूर माझ्या मागच्या लग्नाचाच घ्या, फक्त सासऱ्यांचं नाव तेवढं बदला," पगडी सावरत इनामदार म्हणाले.

तालुक्याचं साप्ताहिक काढणारे दाजीबा छपाईचे खिळे जुळवता जुळवता थांबले. इनामदारांना एकाच अंकात दोन बातम्या हव्या होत्या: बायको बाळंतपणात वारल्याची आणि नवं लग्न ठरल्याची.

"वारलेल्या बाईंचं नाव?"

"बायकांची नावं कधी छापलीत तुम्ही? 'इनामदारांचे कुटुंब वारले' एवढं घाला. बाकी गावाला ठाऊक आहे."

दाजीबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून गेलेल्या पोरीचा तेरावा व्हायचा होता. आणि खरंच, आजवर त्यांनी एकाही बाईचं नाव छापलं नव्हतं. घरात जाऊन त्यांनी बायकोला गेलेल्या आणि नव्याने ठरलेल्या, दोन्ही पोरींची नावं विचारली. तिला ठाऊक होती. गेलेली तर मंगळागौरीला त्यांच्याच अंगणात झिम्मा खेळली होती.

शनिवारी अंक फडकावत इनामदार छापखान्यात घुसले. पहिल्याच पानावर छापलं होतं: "चौदा वर्षांची भागीरथी बाळंतपणात वारली. तेराव्याच्या आत तिच्या नवऱ्याने दहा वर्षांच्या मथुरेशी लग्न ठरवले."

"यात माझं नाव कुठंय?" इनामदार गरजले.

"नाव कशाला हवं?" खिळ्यांवरून नजर न उचलता दाजीबा म्हणाले. "गावाला ठाऊक आहे."